कळ, वात आणि ताबा : जे-पाऊच शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष

अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मोठं आतडं काढायचं ठरलं की रुग्ण आणि घरचे डॉक्टरांना खर्च विचारतात, धोका विचारतात, किती दिवस रुग्णालयात राहावं लागेल ते विचारतात. मनात सगळ्यात जास्त घोळणारा प्रश्न मात्र तसाच राहून जातो. संडासवर ताबा राहील का? लागली आहे हे वेळेवर कळेल का? वात सोडायला गेलं आणि कपडे खराब झाले तर? खोलीत सासरे किंवा मोठा मुलगा बसलेला असतो, बाहेर रांग असते, आणि शब्द घशातच अडतो.

या लेखात त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ताबा ठेवणारे स्नायू या शस्त्रक्रियेत काढले जात नाहीत. बदलते ती मल साठण्याची जागा आणि तिथून मेंदूकडे जाणारी सूचना. ही नवी सूचना ओळखायला शिकावं लागतं आणि त्याला साधारण वर्ष लागतं. या वर्षात काय करायचं, काय टाळायचं आणि कोणती तक्रार सवयीवर सोडायची नाही, ते पाहू.

शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं

हा आजार मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा आहे. औषधांनी तो आटोक्यात राहिला नाही, अचानक फार बळावला किंवा अस्तरात कर्करोगाकडे झुकणारे बदल दिसले, तर हा सगळा भाग काढावा लागतो. पूर्वी त्यानंतर पोटावर कायमची पिशवी हाच मुख्य मार्ग होता. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स या शल्यविशारदांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची आतल्या आत पिशवी शिवून ती गुदद्वाराला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जपानच्या उत्सुनोमिया यांनी या पिशवीला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार दिला. शिवायला सोपी असल्याने आज बहुतेक ठिकाणी हीच जे-पाऊच करतात.

लहान आतड्याचा शेवटचा ३० ते ४० सेंटिमीटर भाग दुमडून पाऊच तयार होतो. जोड भरून यावा म्हणून बहुतेकदा काही आठवडे पोटावर तात्पुरती पिशवी, म्हणजे स्टोमा, ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून जोड नीट असल्याची खात्री झाली की स्टोमा बंद होतो आणि मल पुन्हा खालच्या वाटेने येऊ लागतो. ताब्याची खरी परीक्षा त्या दिवशी सुरू होते.

सूचना कुठून येते

निरोगी माणसाच्या गुदाशयात मल उतरला की भिंत ताणली जाते आणि ‘लागली’ हे कळतं. त्याच वेळी आतला गोल स्नायू क्षणभर सैल पडतो आणि आलेला ऐवज गुदमार्गाच्या वरच्या तोंडापर्यंत येतो. तिथलं अस्तर फार संवेदनशील असतं. वात आहे, पातळ आहे की घट्ट, हे ते ओळखतं. बाहेरचा स्नायू तेवढा वेळ दार लावून धरतो. हे सगळं दिवसातून अनेकदा घडतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

यातला आतला स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. विश्रांतीच्या वेळी गुदद्वार बंद ठेवण्याचं बहुतेक काम तोच करतो. बाहेरचा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण तो थोड्याच वेळात थकतो.

शस्त्रक्रियेत गुदाशय जातो. पाऊच भरला की ताण जाणवतो, पण तो जुन्या जागी जाणवत नाही. कुणाला ओटीपोटात जड वाटतं, कुणाला कंबरेखाली दाब जाणवतो, कुणाला नुसतीच अस्वस्थता येते. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी गुदमार्ग ताणला गेल्याने आतल्या स्नायूची पकड काही महिने ढिली राहते. पुढे ती बरीच सुधारते.

जोड कसा केला आहे, हेही महत्त्वाचं. स्टेपलरने जोडल्यास गुदमार्गाच्या वरचं एक-दोन सेंटिमीटर अस्तर राखलं जातं. त्यामुळे वात आणि मल यांतला फरक ओळखणं सहसा सोपं जातं आणि रात्रीची गळतीही कमी असते. काही रुग्णांत, विशेषतः अस्तरात धोकादायक बदल असतील तर, ते अस्तर सोलून काढून हाताने टाके घालतात. त्यांना ओळख पटायला जास्त वेळ लागू शकतो. राखलेल्या अस्तरात मूळ आजार थोडा उरू शकतो, म्हणून त्यावर पुढे लक्ष ठेवावं लागतं. आपला जोड कोणत्या पद्धतीचा आहे, हे डिस्चार्ज कार्ड घेतानाच विचारा आणि लिहून ठेवा.

पोटावर पिशवी असतानाचे महिने वाया घालवू नका

स्टोमा असतानाही खालून अधूनमधून पांढरट, चिकट स्राव येतो. पाऊचचं अस्तर तो तयार करतं. घाबरू नका. लागल्यासारखं वाटलं तर कमोडवर बसा आणि जोर न लावता तो जाऊ द्या.

याच काळात सर्जनने परवानगी दिली की गुदद्वाराच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा. बैठकीत बसलो आहोत आणि वात रोखायचा आहे, अशी कल्पना करून गुदद्वार आत आणि वर ओढा. पोट, मांड्या आणि नितंब सैल ठेवा. एक हात पोटावर ठेवला की पोट ताणलं जातं का ते कळतं. श्वास रोखू नका. पाच सेकंद आवळा, मग दहा सेकंद पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा करा. जमू लागलं की आवळण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. शेवटी पाच-सहा वेळा झटकन आवळा आणि झटकन सोडा. अचानक कळ येते तेव्हा हीच झटपट पकड कामी येते.

सैल सोडणं हा या व्यायामाचा अर्धा भाग आहे. कायम आवळून राहायची सवय लागली तर पाऊच पुरता रिकामा होत नाही आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं. जमतंय की नाही अशी शंका असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. बायोफीडबॅकमध्ये स्नायू आवळला जातोय की सैल होतोय, हे पडद्यावर दिसतं.

स्टोमा बंद झाल्यावर

पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला दहा-पंधरा वेळा जावं लागणं नवीन नाही. पाऊच लहान असतो, आतडं सुजलेलं असतं आणि मल पाण्यासारखा असतो. मोठं आतडं रोज लिटरभर पाणी शोषून घेत असे, आता तो शोषणारा भाग नाही. पुढे पाऊच ताणून मोठा होतो, लहान आतडंही जास्त पाणी शोषायला लागतं आणि मल सैलसर पिठल्यासारखा होतो. वर्षभरात बहुतेक लोक दिवसाला पाच ते सात वेळांवर आणि रात्री फार तर एखाद्या वेळेवर येतात. पूर्वीसारखा बांधलेला मल आता होणार नाही. तो झाला नाही म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

फेऱ्यांच्या आकड्याने खचू नका. कोलायटिसमध्ये कळ आली की पळावंच लागायचं. पाऊचमध्ये सात वेळा जावं लागलं तरी दरवेळी पंधरा-वीस मिनिटं थांबता येत असेल, तर माणूस कामावर जातो, लग्नाला जातो, सिनेमा पूर्ण पाहतो. किती वेळा जाता यापेक्षा किती वेळ धरता येतं, याकडे लक्ष द्या.

कळ धरायला शिकणं

सर्जनने हरकत नाही म्हटल्यावर हा सराव सुरू करा. पहिली कळ आली की धावू नका. खुर्चीत टेकून बसा, गुदद्वार तीन-चार वेळा झटपट आवळा, नाकाने सावकाश श्वास घ्या. कळ लाटेसारखी चढते आणि बऱ्याचदा ओसरते. ओसरल्यावर दोन मिनिटं थांबा, मग चालत जा. काही दिवसांनी पाच मिनिटं थांबा, नंतर दहा. हा सराव घरीच करा, बाथरूम जवळ असताना. दुखत असेल, ताप असेल किंवा मल पाण्यासारखा असेल त्या दिवशी करू नका.

भीतीपोटी दर तासाला रिकामं होऊन यायची सवय लागते. त्याने पाऊच मोठा होत नाही आणि भरल्याची खूण ओळखायची संधीही मिळत नाही. घराबाहेर पडण्याआधी एकदा जाणं ठीक आहे, दिवसभर तेच करणं नको.

बसल्यावर कुंथू नका. दोन्ही पाय टेकवा, कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, थोडं पुढे झुका आणि पोट सैल सोडा. पोटाची जखम भरेपर्यंत भारतीय बैठक त्रासाची होते. नंतर ती चालते, उलट पाऊच रिकामा व्हायला तिची मदतच होते. पूर्ण झालं नाही असं वाटलं तर उठून दोन मिनिटं चाला आणि परत बसा.

वात की मल?

सुरुवातीला प्रत्येक वात संशयास्पद मानावा. पहिले दोन-तीन महिने तो कमोडवरच सोडावा. मल थोडा घट्ट झाला की घरी कुशीवर झोपून प्रयोग करा. या स्थितीत पातळ ऐवज खाली येत नाही, वात मात्र सुटतो. पॅड लावलेलं असू द्या. काही वेळा बरोबर ओळखता आलं की भरवसा बसतो. पण पोट बिघडलेल्या दिवशी अनुभवी पाऊचवाल्यांनीही हा धोका पत्करू नये.

रात्र

झोपेत बाहेरचा स्नायू सैल पडतो आणि सगळी भिस्त आतल्या स्नायूवर राहते. म्हणून दिवसा कोरडे राहणाऱ्यांनाही रात्री डाग पडू शकतो. रात्रीचं जेवण सात-साडेसातपर्यंत आटपा आणि ते हलकं ठेवा. पाण्याचा मोठा भाग दिवसा प्या. झोपण्याआधी एकदा जाऊन या. पॅड आणि गादीवर जलरोधक आच्छादन असलं की मनावरचा ताण उतरतो आणि झोप लागते. तरीही गळती रोजचीच असेल तर डॉक्टर झोपण्यापूर्वीचं औषध ठरवून देतात.

ताटात काय असावं

मल घट्ट करायला मऊ भात, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची पेज आणि पचत असेल तर दहीभात उपयोगी पडतात. तिखट मिरची, मिसळीची तर्री, जास्त कॉफी, फळांचे रस, मिठाई, तळलेलं आणि मद्य यांनी मल पातळ होतो आणि बाहेर येताना आगही होते. ओलं खोबरं, मक्याचे दाणे, शेंगदाणे, अळंबी, संत्र्याची सालं आणि कच्ची कोशिंबीर सुरुवातीचे काही आठवडे टाळा. हे न चावता गिळलं तर अरुंद जागी अडकून आतडं तुंबू शकतं. नंतर एकेक पदार्थ, थोडा थोडा, नीट चावून सुरू करा.

उपास करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. शेंगदाण्याचं कूट आणि मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी नव्या पाऊचला दुहेरी त्रास देते आणि निर्जळी उपास तर धोक्याचाच. मोठं आतडं नसल्याने पाणी आणि मीठ लवकर कमी होतं. लघवी गडद होणं, उभं राहिल्यावर घेरी येणं, पायात गोळे येणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी नुसतं पाणी ढोसून भागत नाही. औषधाच्या दुकानातलं ओआरएस घ्या. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, छोटा घ्या. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

औषधांबद्दल

लोपेरामाइड आतड्याची गती कमी करतं. ते बहुधा जेवणाआधी अर्धा तास घेतात, म्हणजे जेवणानंतरची घाई आटोक्यात राहते. किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. ताप असेल, रक्त पडत असेल किंवा पोट फुगलं असेल तर ते परस्पर घेऊ नका. इसबगोल थोड्या पाण्यात घेतल्यास मल दाट होतो, पण जोड अरुंद नाही याची खात्री झाल्यावरच घ्यावा.

अंगदुखी-डोकेदुखीसाठी दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नका. या गोळ्यांनी पाऊचला सूज येऊ शकते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या काहींच्या पोटातून तशाच बाहेर पडतात. नवं औषध लिहून घेताना ‘मला पाऊच आहे’ हे प्रत्येक डॉक्टरला सांगा. पाऊच लहान आतड्याच्या ज्या भागातून तयार होतो, तिथेच बी-१२ शोषलं जातं. म्हणून बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घ्या.

आग आणि त्वचा

लहान आतड्यातून येणाऱ्या मलात पित्त आणि पाचक रस असतात. त्याने गुदद्वाराभोवतीची त्वचा भाजल्यासारखी होते. आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय आहे, हा फायदाच आहे. जेटची धार मंद ठेवा, कोमट पाणी वापरा, साबण टाळा. मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. पूर्ण कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन पातळ लावा. हा थर पहिल्या दिवसापासून, आग सुरू व्हायची वाट न पाहता लावावा. पुळ्या आणि खाज वाढली तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, तो दाखवा.

घराबाहेर

पिशवीत एक जोड अंतर्वस्त्रं, दोन पॅड, पाण्याची छोटी बाटली, मलम आणि बंद होणारी प्लास्टिक पिशवी ठेवा. मुंबईच्या बहुतेक लोकलमध्ये शौचालय नसतं, तेव्हा मधल्या कोणत्या स्टेशनवर सोय आहे ते आधी पाहून ठेवा. एसटीने जाताना थांबे विचारून घ्या आणि निघण्याआधी दोन तास भरपेट जेवू नका. ऑफिसात किमान एका माणसाला कल्पना देऊन ठेवा. बैठकीतून उठताना मग कारणं द्यावी लागत नाहीत.

हे सवयीवर सोडू नका

पाऊच स्थिरावल्यानंतर फेऱ्या अचानक वाढल्या, घाई परत आली, पोटात कळा, ताप किंवा सांधेदुखी सुरू झाली, तर पाऊचायटिस म्हणजे पाऊचची सूज असू शकते. पाऊच केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती कधी ना कधी होते आणि बहुतेकांना काही दिवसांच्या अँटिबायोटिकने बरं वाटतं. मात्र जुन्या चिठ्ठीवरून स्वतःच औषध घेऊ नका, आधी तपासणी करा.

थोडं थोडं, बारीक धारेने होत असेल, कुंथावं लागत असेल आणि रिकामं झाल्याचं समाधान नसेल, तर जोड आकसलेला असू शकतो. तो बोटाने किंवा साधनाने रुंद करता येतो. ताजं रक्त पडत असेल तर राखलेल्या अस्तराला सूज असू शकते, त्यावर गुदद्वारातून ठेवायच्या औषधी वड्या मिळतात. या तिन्ही तक्रारींना रुग्ण ‘ताबा गेला’ असंच म्हणतो, पण कारणं वेगळी आणि उपाय वेगळे.

पोटात मुरडा, उलट्या आणि खालून काहीच न येणं, किंवा थंडी वाजून ताप आणि ओटीपोटात सतत दुखणं, असं झालं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

न विचारले जाणारे आणखी प्रश्न

ओटीपोटात शस्त्रक्रिया झाल्याने लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसांना क्वचित इजा होऊ शकते. स्त्रियांमध्ये बीजनलिकांभोवती चिकटपणा येऊन नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी होते. मूल हवं असेल तर शस्त्रक्रियेआधीच सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोला. गरोदरपण पाऊच असतानाही पार पडतं, प्रसूती कशी करायची हे मात्र स्नायूंचा विचार करून आधी ठरवावं लागतं.

ज्यांना कायमची पिशवी आहे आणि गुदद्वारही बंद केलं आहे, त्यांनाही कधीकधी ‘लागल्यासारखं’ वाटतं. नसांची ही जुनी आठवण आहे. थोडा वेळ कमोडवर शांत बसलं की ती बहुधा विरते.

सगळे प्रयत्न करूनही काहींच्या पाऊचला ताबा येत नाही. अशा वेळी कायमची पिशवी स्वीकारणं ही हार नाही. घराबाहेर निर्धास्त पडता यावं, हाच मूळ हेतू होता, आणि तो पिशवीनेही साधतो.

पुढच्या भेटीआधी सात दिवसांची नोंद वहीत करा. दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, किती मिनिटं धरता आलं, गळती कधी झाली, काय खाल्लं होतं. ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. सोबतच्या माणसासमोर बोलणं जड जात असेल तर ‘मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय’ असं सरळ सांगा. तुम्ही विचारल्याशिवाय डॉक्टरांना ही तक्रार कळणार नाही, आणि यातल्या बहुतेक तक्रारींवर उपाय आहे.